डावा कान

बियाण्यांच्या दुकानात फुकट मिळालेल्या कॅलेंडरच्या
पाठकोऱ्या पानांवर मी वसंत आखतो.
चार रकाने, चार रानटर्की.
पक्षी एकच, पण बारा कोसांवर बोली बदलावी
तशी त्याच्या शेपटीची किनार बदलते.

आधी फ्लोरिडातला ऑसिओला. तो मार्चमध्येच बोलायला लागतो.
काळपट पंख, लांब टांगा, पायाशी पाणी,
आणि पाण्यात काय असेल ते सांगता येत नाही.
मग घरचा, मिसुरीचा, तांबूस किनारीचा,
जो मला बेचाळीस वर्षं फसवत आलाय.
मग कॅन्ससचा रिओ ग्रांडे,
ओढ्याकाठच्या उंच झाडांवर झोपणारा,
पिकल्या गव्हाच्या काठाचा.
मे उजाडला की साउथ डकोटाच्या डोंगरात मेरियम:
पाइनच्या सावलीत कुणी पांढरा रुमाल
वाळत घातल्यासारखा दिसतो म्हणे.
म्हणे. मी अजून पाहिलेला नाही.
मेक्सिकोत पाचवा असतो. त्याचं नाव
पेन्सिलीनं लिहिलंय.

वाटाड्या नको. ड्वेनच्या मेव्हण्यानं
एका सकाळचे अडीच हजार डॉलर मोजले
आणि आजवर तो फक्त नाश्त्याचं कौतुक करतो.
आपली सरकारी जमीन बरी, घडीवर फाटलेला नकाशा,
सोडतीत नाव, पिकअपच्या मागे गादी.
पेट्रोलचा हिशेब ओपलनं दोनदा केला,
कारण पहिल्यांदा मी परतीचं धरलंच नव्हतं.

ओपल माझी थोरली बहीण.
बंदूक तिला केरसुणीइतकीच ठाऊक:
कोपऱ्यात उभी असते.

पण माझा डावा कान लाकूडगिरणीनं नेला.
एका कानानं आवाज येतो, दिशा येत नाही.
पहाटे नर ओरडतो तेव्हा सगळं रान ओरडतं:
ओक, धुकं, माझीच टोपी.
गेल्या वर्षी मी समोर डोळे लावून बसलो
आणि तो माझ्या पाठीमागे दहा पावलांवर
पंख जमिनीला घासत फेऱ्या मारून गेला.
मातीतल्या रेघांवरून नंतर कळलं.

ओपलनं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली.
आरशात न बघता सांगायची,
कितव्या बाकावर कोण कुणाच्या वेण्या ओढतंय.
"मला ने," ती म्हणाली. "मी फक्त बोट लावीन."

मग फेब्रुवारीभर स्वयंपाकघरात तालीम.
डावा खांदा म्हणजे डावीकडे. उजवा, उजवीकडे.
मानेवर बोट म्हणजे समोर.
टोपी मागे ओढली की दगड हो.
मी डोळे मिटून खुर्चीत, ती मागे उभी,
आणि ड्वेन व्हरांड्याभोवती फिरत
देवदाराच्या डबीवर झाकण घासून
मादीची हाक काढतोय.
पलीकडच्या बाईनं फोन करून विचारलं, सगळं ठीक ना?
अजून तुरी बाजारात होत्या
आणि आमचं घर आधीच रान झालं होतं.

फ्लोरिडा. अंधार. डास. सायप्रसच्या बुंध्याला
माझी पाठ, माझ्या पाठीशी तिचा गुडघा.
तो ओरडला. सगळीकडून.
तिचं बोट डाव्या खांद्यावर आलं,
हलकं, शिवणाऱ्या सुईसारखं.
मी ऐकलं नाही असं नाही.
पण उजवीकडे एक बुंधा हलला,
आणि बेचाळीस वर्षांची खोड
बोटभर सल्ल्यानं जात नाही.

संध्याकाळी गाडीच्या मागे, टॉर्चच्या उजेडात,
मी रकान्यात काय लिहावं याचा विचार करत होतो.
तिनं कॅलेंडर ओढून घेतलं.
तिच्या तिरक्या अक्षरात, पहिल्या चौकटीत:
'डावीकडे होता. हा उजवीकडे बघत होता.'
खाली रेघ मारली, पान उलटलं,
आणि विचारलं,
"कॅन्ससला थंडी असेल का रे? स्वेटर घेऊ?"